वाचकांचे प्रश्न : कंपायलरची परीक्षा कोण घेते?

मागच्या अंकातील एका उत्तरात मी लिहिले होते की, कंपायलर हाही शेवटी माणसांनी लिहिलेला प्रोग्राम असल्याने त्यात चुका असतात, आणि त्या शोधण्यासाठी आता यंत्राकडूनच यादृच्छिक, म्हणजे रँडम पद्धतीने, हजारो प्रोग्राम लिहून घेतले जातात. त्या एका वाक्यावर अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांची इतकी पत्रे आली की, या वेळचे सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी एवढे सांगते : प्रोग्रामर सी किंवा तिच्यासारख्या भाषेत जो मजकूर लिहितो, त्याचे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांमध्ये भाषांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर, आणि हे भाषांतर करताना प्रोग्राम वेगाने चालावा म्हणून तो आज्ञांमध्ये जी काटछाट व उलटापालट करतो, तिला ऑप्टिमायझेशन म्हणतात.

प्रश्न : मॅडम, मी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. दोन पूर्णांकांची बेरीज मर्यादेबाहेर गेली का हे पाहण्यासाठी मी सी भाषेत ‘बेरीज पहिल्या संख्येपेक्षा लहान आली तर चूक दाखव’ अशी अट लिहिली. ऑप्टिमायझेशन बंद असताना ती बरोबर चालते, पण चालू केले की ती अट मी लिहिलीच नव्हती असा प्रोग्राम वागतो. आमचे सर म्हणतात, कंपायलरला कधीही दोष देऊ नये. मग हा दोष कोणाचा? (एक विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : तुमच्या या प्रोग्रामपुरते सरांचे म्हणणे बरोबर आहे. बत्तीस बिटांच्या (म्हणजे बत्तीस शून्य-एकांच्या) चिन्हांकित, म्हणजे ऋण किमतीही धरणाऱ्या, पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ याहून मोठी संख्या मावत नाही, आणि बेरीज त्यापलीकडे गेली तर काय व्हावे हे सी भाषेच्या मानकाने मुद्दाम ठरवलेले नाही. अशा प्रसंगाला ‘अनडिफाइंड बिहेवियर’ म्हणतात; आपण त्याला अनिर्धारित वर्तन म्हणू. असा प्रसंग नियमात राहणाऱ्या प्रोग्राममध्ये येणारच नाही, असे गृहीत धरण्याची मुभा कंपायलरला असते. त्या गृहीतकावर ‘बेरीज पहिल्या संख्येपेक्षा लहान आहे का’ या प्रश्नाचा अर्थ ‘दुसरी संख्या ऋण आहे का’ एवढाच उरतो, आणि तुमची दुसरी संख्या ऋण नाही हे कंपायलरला दिसत असेल तर तो ती अट निरर्थक समजून काढून टाकतो. बेरीज करून मग तपासण्याऐवजी बेरीज करण्यापूर्वीच तपासावे : कमाल मर्यादेतून दुसरी संख्या वजा करावी आणि पहिली संख्या त्या वजाबाकीपेक्षा मोठी आहे का, हे पाहावे.

मात्र सरांच्या वाक्यातील ‘कधीही’ हा शब्द मला मान्य करता येत नाही. उबंटू लिनक्सच्या ८.०४.१ या आवृत्तीबरोबर जीसीसी या कंपायलरची जी प्रत मिळत होती, तिच्यासमोर एक अगदी छोटे फंक्शन, म्हणजे प्रोग्राममधला एक काम करणारा स्वतंत्र तुकडा, ठेवले गेले. त्यात आठ बिटांच्या चिन्हांकित खान्यात १ आणि आठ बिटांच्या चिन्हविरहित खान्यात २५५ ठेवून, पहिली किंमत दुसरीपेक्षा मोठी आहे का, एवढेच विचारले होते. भाषेच्या नियमानुसार तुलनेपूर्वी दोन्ही किमती साध्या पूर्णांकात रुंदावल्या जातात, त्यामुळे उत्तर ‘नाही’ असेच यायला हवे. तिसरीतल्या मुलालाही ते सांगता येईल. त्या कंपायलरने ऑप्टिमायझेशनच्या प्रत्येक पातळीवर ‘हो’ असे उत्तर देणारा कोड तयार केला. २५५ या संख्येचे आठही बिट एक असतात, आणि तीच रचना चिन्हांकित म्हणून वाचली तर तिची किंमत उणे एक होते, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीचे स्वरूप ध्यानात येते. हे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण यात अनिर्धारित वर्तनाचा लवलेशही नाही आणि प्रोग्रामरचा काडीचाही दोष नाही.

मी स्वतः एकदा हे भोगले आहे. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यासाठी तापमान नोंदवणारे छोटे यंत्र मी तयार करत होते. तापमापकाचे मूल्य यंत्रातील एका ठरावीक पत्त्यावर येत असे, आणि ते दर वेळी नव्याने वाचायलाच हवे असे कंपायलरला बजावण्यासाठी सी भाषेत जो ‘व्होलटाइल’ हा शब्द आहे, तो मी लिहिलेला होता. तरीही यंत्र एकदाच वाचलेले मूल्य पुन्हा पुन्हा दाखवत राहिले. जुलैच्या पावसात पाच दिवस मी वायरी बदलल्या, तापमापक बदलला, माझा कोड शंभर वेळा वाचला. सहाव्या दिवशी कंपायलरने तयार केलेल्या आज्ञा ओळीने वाचल्या, तेव्हा दुसऱ्यांदा वाचण्याची आज्ञा त्यात नव्हतीच. पुढे मला समजले की, युटा विद्यापीठातील एरिक आइड आणि जॉन रेगर यांनी २००८ साली १३ कंपायलर तपासले होते आणि त्या तेराही कंपायलरांत ‘व्होलटाइल’ चलांच्या, म्हणजे किंमत साठवणाऱ्या खान्यांच्या, बाबतीत चुकीचा कोड तयार होण्याचे प्रसंग त्यांना सापडले होते. ते मला आधी ठाऊक असते तर माझे पाच दिवस वाचले असते, म्हणून ते येथे आवर्जून सांगते.

तेव्हा क्रम असा ठेवा. प्रथम कंपायलरचे सर्व इशारे चालू करा आणि सॅनिटायझर नावाची जी सोय आजच्या कंपायलरांत असते, ती लावून प्रोग्राम चालवा. तुमच्या बेरजेची मर्यादा ओलांडली गेली हे ती ओळ क्रमांकासह सांगेल. त्यातून काही निघाले नाही तर तोच प्रोग्राम दुसऱ्या कंपायलरवर चालवून पाहा. एवढे करूनही उत्तरे जुळत नसतील, तरच कंपायलरवर बोट ठेवा, पण मग ते निःसंकोचपणे ठेवा.

प्रश्न : ताई, मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. माझा मुलगा पुण्यात अशा कामात आहे आणि तो सांगतो की, यंत्र वाटेल तसे प्रोग्राम लिहिते. वाटेल तसे लिहिलेले वाक्य निरर्थक असते. मग वाटेल तसा लिहिलेला प्रोग्राम सार्थ कसा होईल? (एक निवृत्त शिक्षक, मालवण)

उत्तर : गुरुजी, या विषयाचे मर्म आपण नेमके पकडले आहे. नुसती अक्षरे यदृच्छेने एकापुढे एक मांडली तर कंपायलर पहिल्याच ओळीवर ‘हे व्याकरणात बसत नाही’ असे सांगून थांबेल आणि त्याच्या आतली सगळी यंत्रणा तशीच अस्पर्श राहील. म्हणून पहिली पायरी अशी की, यंत्राला भाषेचे व्याकरण द्यायचे आणि त्या व्याकरणाच्या नियमांतूनच यदृच्छेने निवड करायला लावायची : येथे नाम हवे, मग कोणतेही नाम घे, येथे क्रियापद हवे, मग कोणतेही क्रियापद घे. ही कल्पना बरीच जुनी आहे. आयबीएममधील हॅनफर्ड यांनी १९७० साली अशाच प्रकारे पीएल/वन या भाषेचे चाचणी प्रोग्राम तयार करणाऱ्या यंत्रणेचे वर्णन प्रसिद्ध केले होते.

पण व्याकरण सांभाळले म्हणजे अर्थ येतोच असे नाही. ‘माडाने होडीला भाकरी शिकवली’ या वाक्यात कर्ता, कर्म, विभक्ती आणि क्रियापद सगळे जागच्या जागी आहे, तरी त्याचा अर्थ काय हे कोणीच सांगू शकणार नाही. प्रोग्रामच्या जगात या वाक्याचा जुळा भाऊ म्हणजे वर सांगितलेले अनिर्धारित वर्तन. सी भाषेच्या १९९९ सालच्या मानकात अशा वर्तनाचे १९१ प्रकार आहेत, आणि त्यांपैकी एकही प्रकार प्रोग्राममध्ये शिरला की, कंपायलरने काहीही उत्तर दिले तरी ते चूक ठरत नाही. म्हणजे तो प्रोग्राम परीक्षेसाठी निरुपयोगी होतो.

२०११ साली शुएजुन यांग, यांग चेन, एरिक आइड आणि जॉन रेगर यांनी यदृच्छेने सी प्रोग्राम लिहिणाऱ्या सीस्मिथ या साधनाविषयी जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचे मोल माझ्या मते यात आहे की, त्यांनी यदृच्छेइतकेच लक्ष तिच्यावरच्या बंधनांकडे दिले. सीस्मिथ प्रोग्राम लिहिताना प्रत्येक पावलावर पाहतो की, ज्या पॉइंटरमधून, म्हणजे दुसऱ्या खान्याचा पत्ता धरणाऱ्या चलातून, वाचायचे आहे तो रिकामा तर नाही, ज्या चलाला अजून किंमतच दिलेली नाही ते वापरले तर जात नाही, एकाच पदावलीत एकाच चलाला दोनदा किंमत देण्याचा घोटाळा तर होत नाही. भागाकार, बेरीज, बिट सरकवणे अशा क्रिया तो थेट लिहीत नाही. त्यांच्याभोवती एक लहान फंक्शनचे वेष्टन घालतो, आणि भाजक शून्य असेल किंवा उत्तर मर्यादेबाहेर जाणार असेल तर ते वेष्टन ती क्रियाच टाळते. शेवटी तो प्रोग्राम आपल्या सर्व सार्वत्रिक चलांच्या किमतींवरून एक तपास-बेरीज, म्हणजे चेकसम, काढतो आणि तेवढी एकच संख्या छापतो. प्रोग्रामला हेतू काहीच नसतो, पण त्याचा अर्थ एक आणि एकच असतो. आपल्या विषयाच्या शब्दांत सांगायचे तर, ते वाक्य कोणी कशासाठी उच्चारले हे ठाऊक नसले तरी त्याचा अन्वय एकाच रीतीने लागतो.

या पद्धतीने त्या संशोधकांनी तीन वर्षांत ३२५ हून अधिक नवे दोष कंपायलर लिहिणाऱ्यांना कळवले; त्यांपैकी ७९ जीसीसीमधले आणि २०२ एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलरमधले होते. त्यांनी तपासलेला प्रत्येक कंपायलर कधी ना कधी कोसळला, आणि प्रत्येकाने कधी ना कधी कसलीही सूचना न देता चुकीचा कोड तयार केला. मुलाला हे आकडे अवश्य विचारा; तो त्यांविषयी माझ्याहून अधिक सांगू शकेल.

प्रश्न : यंत्राने लिहिलेल्या त्या प्रोग्रामचे बरोबर उत्तर काय, हे कोणालाच माहीत नसते. मग कंपायलर चुकला हे ठरवायचे कसे? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी माशांचा लिलाव होतो, तेव्हा एखाद्या टोपलीचे खरे वजन कोणालाच आधी ठाऊक नसते. पण तीच टोपली तीन वेगवेगळ्या काट्यांवर ठेवली आणि दोन काट्यांनी अठरा किलो, तर तिसऱ्याने साडेसोळा किलो दाखवले, तर आधी कोणता काटा उघडून पाहायचा हे सांगायला खरे वजन माहीत असावे लागत नाही. कंपायलरच्या बाबतीत हेच करतात. एकच प्रोग्राम तीन किंवा अधिक कंपायलरांना देतात, प्रत्येकाचे ऑप्टिमायझेशन कधी बंद, कधी अर्धे, कधी पूर्ण ठेवतात, तयार झालेले सगळे प्रोग्राम चालवतात आणि छापलेल्या संख्या ताडून पाहतात. या रीतीला विल्यम मॅकीमन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ‘डिफरेन्शिअल टेस्टिंग’ असे म्हटले आहे. ते तेव्हा डिजिटल या संगणक कंपनीत सी कंपायलरांची चाचणी करत होते. सगळेच काटे सारखेच चुकीचे असतील तर काय, अशी शंका आपल्या मनात येईल. तत्त्वतः ती रास्त आहे. परंतु स्वतंत्रपणे लिहिलेल्या दोन कंपायलरांनी एकाच प्रोग्रामवर एकच चुकीचे उत्तर दिले, असे सीस्मिथच्या संशोधकांना एकदाही आढळले नाही.

दुसरा एक उपाय आहे, आणि तो मला अधिक सुंदर वाटतो, कारण त्याला एकच काटा पुरतो. २०१४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वू ले, मेहरदाद अफशारी आणि झेनडोंग सू यांनी तो मांडला. एखादा प्रोग्राम ठरावीक माहिती देऊन चालवायचा आणि त्याच्या कोणत्या ओळी प्रत्यक्षात चालल्याच नाहीत याची नोंद करायची. त्या न चाललेल्या ओळींपैकी काही यदृच्छेने काढून टाकायच्या आणि प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा. तीच माहिती दिल्यावर उत्तर तेच यायला हवे, कारण ज्या ओळींवर पाऊल पडलेच नव्हते, त्या गेल्याने वाट बदलत नाही. कंपायलरला मात्र कोणती ओळ चालणार हे ठाऊक नसते; त्याच्या दृष्टीने हा निराळा प्रोग्राम असतो आणि तो त्यावर निराळे ऑप्टिमायझेशन करतो. उत्तर बदलले की, दोष कंपायलरचाच. या पद्धतीने त्यांनी ११ महिन्यांत जीसीसी आणि एलएलव्हीएममधले १४७ निराळे दोष दाखवून दिले, आणि ते त्या त्या कंपायलरच्या लेखकांनी मान्य केले.

आपण समुद्राकाठचे आहात म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. जाळ्याचा आस, म्हणजे त्यातले भोक, एकाच मापाचा असेल तर त्यात त्याच आकाराची मासळी येत राहते आणि बाकीची निसटते. प्रोग्राम लिहिणाऱ्या यंत्राचेही तसेच होते : ते ज्या प्रकारचे प्रोग्राम लिहिते, त्यांनी सापडणारे दोष दुरुस्त झाले की नवे सापडेनासे होतात. त्यावरचा एक उपाय २०१२ साली ‘स्वॉर्म टेस्टिंग’ या नावाने पुढे आला. दर वेळी भाषेची सर्व वैशिष्ट्ये वापरण्याऐवजी काही वैशिष्ट्ये यदृच्छेने वगळायची. कधी पॉइंटरशिवाय प्रोग्राम लिहायचे, कधी लूपशिवाय, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या रचनेशिवाय. कमी साहित्यातून अधिक दोष निघतील हे ऐकायला विपरीत वाटते, पण एका आठवड्याच्या प्रयोगात काळजीपूर्वक जुळवून ठेवलेल्या नेहमीच्या मांडणीपेक्षा या रीतीने कंपायलर कोसळण्याचे ४२ टक्के अधिक निराळे प्रकार सापडले. सगळ्या गोष्टी एकाच प्रोग्राममध्ये कोंबल्या की त्या एकमेकींना जागा देत नाहीत. एखादी वगळली की, उरलेल्या गोष्टी जास्त खोलवर एकमेकींत गुंततात.

प्रश्न : अशा चाचणीला ‘फझिंग’ का म्हणतात? (एक वाचक, दापोली)

उत्तर : १९८८ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे बार्टन मिलर घरून टेलिफोन लाइनवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. बाहेर वादळी पाऊस चालू होता, लाइनवर खरखर येत होती आणि टाइप केलेल्या मजकुरात भलतीच अक्षरे घुसत होती. आपल्याकडे आषाढातल्या रात्री फोनची काय अवस्था होत असे, हे ज्यांना आठवते त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. मिलर यांना खरखरीचे आश्चर्य वाटले नाही. त्या भलत्या अक्षरांमुळे युनिक्स या संगणक प्रणालीचे रोजच्या वापरातले प्रोग्राम कोसळत होते, याचे वाटले. त्यांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम तशीच खरखर तयार करून प्रोग्रामांना खाऊ घालायला लावली आणि त्या साधनाला ‘फझ’ असे नाव दिले. १९९० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, तपासलेल्या प्रोग्रामांपैकी पाव ते तृतीयांश प्रोग्राम कोसळले किंवा अडकले होते.

प्रश्न : मी देवगडला घरून काम करतो आणि एका मुक्त कंपायलर प्रकल्पाला हातभार लावतो. मी सीस्मिथ रात्रभर चालवला आणि सकाळी उत्तरे न जुळणारा एक प्रोग्राम मिळाला, पण तो दोन हजारांहून अधिक ओळींचा आहे. तो तसाच पाठवला तर कोणी वाचेल का? (एक संगणक अभियंता, देवगड)

उत्तर : वाचणार नाहीत, आणि त्यांनी वाचावा अशी अपेक्षाही आपण करू नये. मोठा प्रोग्राम हा यंत्राचा दोष नाही. सीस्मिथच्या प्रयोगांत सरासरी ८१ किलोबाइट आकाराचे प्रोग्राम दोष शोधायला सर्वांत उपयोगी ठरले होते. परंतु दोष सापडणे आणि तो दुसऱ्याला दिसेल असा मांडणे, यांत बरेच अंतर आहे, आणि माझ्या अनुभवाने नवशिक्यांचा उत्साह नेमका या अंतरात संपतो.

गणपतीच्या आराशीतील दिव्यांची माळ पेटत नसली की आपण एकेक दिवा तपासत बसत नाही. माळ मधोमध तोडून कोणती अर्धी पेटते ते पाहतो, मग बिघडलेल्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करतो. संगणकशास्त्रज्ञ आंद्रेआस झेलर यांनी ‘डेल्टा डिबगिंग’ या नावाने हीच युक्ती काटेकोर केली : प्रोग्रामचा एक मोठा तुकडा काढा, बिघाड अजून दिसतो का पाहा, दिसत असेल तर तो तुकडा कायमचा गेला, दिसत नसेल तर परत ठेवा आणि त्याहून लहान तुकडा काढून पाहा. दिव्यांच्या माळेत आणि प्रोग्राममध्ये फरक एवढाच की, प्रोग्रामचे भाग एकमेकांवर अवलंबून असतात. चलाची घोषणा काढली की ते वापरणारी प्रत्येक ओळ मोडते, म्हणून नुसत्या ओळी कापून फार पुढे जाता येत नाही. २०१२ साली रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी-रिड्यूस हे साधन मांडले ते यासाठीच. त्याला सी भाषेची रचना कळते. ते फंक्शनचे पॅरामीटर, म्हणजे त्याला पुरवायच्या किमती, काढते, फंक्शनला जेथून हाक मारलेली असते तेथेच त्याचा मजकूर आणून ठेवते, गुंतागुंतीच्या पदावलीच्या जागी साधा स्थिरांक घालते, आणि प्रत्येक बदलानंतर आपण दिलेल्या कसोटीला विचारते की, बिघाड अजून आहे का.

या कसोटीबद्दल एक सावधगिरीची सूचना, आणि ती मी फार गांभीर्याने देत आहे. कापाकापी करताना सी-रिड्यूस एखाद्या चलाची आरंभीची किंमत काढून टाकील, किंवा फंक्शनातले ‘रिटर्न’ उडवील. प्रोग्राम लहान होईल, दोन कंपायलरांची उत्तरे अजूनही जुळणार नाहीत, आणि आपल्याला वाटेल की दोष हाताशी आला. प्रत्यक्षात मधल्या कुठल्यातरी पायरीवर मूळचा दोष निसटलेला असेल आणि त्याच्या जागी अनिर्धारित वर्तन येऊन बसलेले असेल. म्हणून कसोटीत ‘उत्तरे निराळी आहेत’ एवढेच तपासू नका. कंपायलरचे इशारे, सॅनिटायझर आणि शक्य असल्यास प्रोग्राम मानकाच्या नियमांनुसार चालवून पाहणारे एखादे साधन, या साऱ्यांतून प्रत्येक मधला प्रोग्राम पार होतो का, हेही तपासा. असे न करता पाठवलेली तक्रार चटकन फेटाळली जाते, आणि पाठवणाऱ्याच्या पुढच्या, खऱ्या तक्रारीकडेही कोणी वेळेवर पाहत नाही.

दहा-पंधरा ओळी उरल्या की, ताज्या आवृत्तीवर दोष अजून आहे याची खात्री करा, पूर्वी कोणी तो कळवला आहे का ते शोधा, आणि मग पाठवा. एका रात्रीत न जुळणारे पन्नास प्रोग्राम मिळाले तर पन्नास तक्रारी करू नका. बहुधा त्यांच्यामागे दोन-तीनच दोष असतात. एक कळवा, तो दुरुस्त होऊ द्या, आणि उरलेले पुन्हा चालवून पाहा.

प्रश्न : मी ट्रॉलरवरील जीपीएस आणि मासे शोधणारी यंत्रे दुरुस्त करतो. यंत्राने लिहिलेल्या विचित्र प्रोग्रामवर कंपायलर चुकला, तर माझ्या गिऱ्हाइकांच्या यंत्रांना त्याने काय फरक पडतो? तसले प्रोग्राम प्रत्यक्षात कोणी लिहीतच नाही. (एक तंत्रज्ञ, अलिबाग)

उत्तर : ही शंका संशोधकांनीही घेतली होती. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील गटाने २०१९ साली एलएलव्हीएममधले चुकीचा कोड तयार करणारे ४५ दोष घेतले आणि डेबियन लिनक्सचे ३०९ प्रोग्राम-संच कंपाइल करून त्या दोषांचा त्यांच्यावर काय परिणाम होतो ते पाहिले. यंत्राने शोधलेल्या दोषांपैकी जवळजवळ निम्म्या दोषांची खूण कुठल्या ना कुठल्या संचाच्या तयार कोडमध्ये उमटली होती, परंतु ती कोडच्या अगदी छोट्या भागात, आणि त्या संचांच्या स्वतःच्या चाचण्यांत त्यामुळे अवघी दोन अपयशे दिसली. म्हणजे आपले म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की, माणसांनी प्रत्यक्ष वापरातून कळवलेल्या दोषांचा परिणामही याहून मोठा नव्हता. यंत्राने शोधलेला दोष म्हणून तो कमी महत्त्वाचा, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

शिवाय तो अभ्यास एका मुरलेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपायलरचा होता. आपण जी यंत्रे उघडता, त्यांतल्या लहान प्रोसेसरांसाठीचे कंपायलर पुष्कळदा कमी लोकांच्या हाताखालून गेलेले असतात, आणि माझ्या बर्फाच्या कारखान्यातला अनुभव अशाच एका कंपायलरचा होता. बारा वावांवर मासळी दाखवायची ती बावीस वावांवर दाखवली, तर नाखवा यंत्राला दोष देईल, आपण तापलेल्या चिपला दोष द्याल, आणि खरे कारण कोणाच्याच ध्यानात येणार नाही.

याच संदर्भात कॉम्पसर्टचा उल्लेख करायला हवा. फ्रान्समधील इन्रिया या संस्थेत झाविए लरॉय यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या सी कंपायलरच्या मुख्य भागाची अचूकता गणिती सिद्धतेने दाखवलेली आहे, आणि ती सिद्धता संगणकाने तपासलेली आहे. सीस्मिथच्या संशोधकांनी त्याच्यावर प्रोसेसरची सुमारे सहा वर्षे भरतील इतक्या चाचण्या खर्च केल्या. ज्या भागांना सिद्धतेचे कवच नव्हते तेथे त्यांना थोडे दोष सापडले. सिद्ध केलेल्या मधल्या भागात, जेथे इतर कंपायलरांत पुष्कळ दोष निघाले होते, तेथे चुकीच्या कोडचा एकही दोष सापडला नाही. हा निकाल मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला मनापासून आनंद होतो, कारण येथे दोन अगदी निराळ्या वाटांनी निघालेल्या माणसांनी एकमेकांचे काम पारखले आणि दोघांचेही काम खरे ठरले.

प्रश्न : नववीच्या मुलांना शाळेच्या संगणक कक्षात याची चव देता येईल का? (एक शिक्षिका, सावंतवाडी)

उत्तर : नक्की देता येईल, आणि त्यासाठी कंपायलर लागत नाही. मुलांच्या एका गटाला बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि कंस समजणारे छोटे गणकयंत्र पायथनमध्ये लिहायला सांगा. दुसऱ्या गटाला यदृच्छेने गणिती पदावल्या लिहिणारा प्रोग्राम करायला सांगा : नाणे उडवल्यासारखी निवड करायची, छाप आला तर एक संख्या लिहायची, काटा आला तर कंस उघडून, दोन पदावल्यांमध्ये एक चिन्ह ठेवून, कंस मिटायचा, आणि त्या दोन पदावल्यांसाठी हीच निवड पुन्हा करायची. पदावली अनंत लांबू नये म्हणून किती पातळ्या खोल जायचे याची मर्यादा आधीच घाला. मग प्रत्येक पदावली मुलांच्या गणकयंत्राला आणि पायथनला, दोघांनाही सोडवायला द्या आणि उत्तरे ताडून पाहा. कंसाशिवायच्या पदावल्याही मधूनमधून येऊ द्या, म्हणजे गुणाकार आधी की वजाबाकी आधी, आणि लागोपाठच्या दोन वजाबाक्या डावीकडून की उजवीकडून, येथे पहिल्या चुका निघतील. भागाकार दुसऱ्या दिवशी घ्या. शून्याने भागण्याचा प्रश्न आला की, मुले स्वतःच विचारतील की अशी पदावली लिहू द्यायची की नाही, आणि सीस्मिथच्या वेष्टनांची गरज त्यांना न सांगता कळेल.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळायला लावा. यादृच्छिक संख्या ज्या आरंभीच्या आकड्यापासून सुरू होतात, त्या आकड्याला ‘सीड’ म्हणतात. तो प्रत्येक वेळी छापून वहीत लिहून ठेवायचा. तो आकडा पुन्हा दिला की तीच पदावली पुन्हा मिळते. ज्या गटाने तो लिहून ठेवला नसेल, त्याला सापडलेली चूक दुसऱ्या दिवशी फळ्यावर दाखवता येणार नाही.